नागपुरातली मुळा-मुठा

"मित्रांनो, तुम्हाला हा प्रकल्प कसा वाटला ते कमेंट करून नक्की सांगा."

ही ओळ एका प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर होती. हिरव्या शाईत, वळणदार अक्षरात, आणि खाली पट्टीने दोन समांतर रेघा. मी आधी हसले. मग आधीच्या पानावर गेले तर तिथे 'हे पण वाचा : झाडे लावा झाडे जगवा मराठी निबंध' असंही होतं. त्यालाही स्केचपेनची चौकट केली होती. मुलीने मोबाइलच्या पडद्यावर जे दिसलं ते सगळं इमानदारीने उतरवून काढलं होतं. इमानदारीने हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण त्या बारा पानांसाठी तिचे दोन-तीन तास तरी नक्की गेले असणार.

जानेवारी २०२४. नागपूरची थंडी, डायनिंग टेबलवर नववीच्या ५६ वह्या आणि मी. नववी-दहावीला जलसुरक्षा नावाचा विषय आहे. तो श्रेणीचा, म्हणजे टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून मुलंही धरत नाहीत आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाही. मी भूगोलाची, त्यामुळे तो माझ्याकडे आलेला. प्रकल्पाला मी विषय दिला होता, 'आमच्या परिसरातील जलस्रोत व त्यांचे प्रदूषण'. सलग चौथ्या वर्षी तोच.

दहावी-अकरावी वही तपासताना मला मुळा-मुठा भेटली. "आमच्या परिसरातून मुळा-मुठा ही नदी वाहते. तिच्या काठावर दाट वस्ती आहे." पुढच्या वहीतही तेच. त्याच्या पुढच्या वहीतही. शाळेपासून चालत गेलं तर वीस मिनिटांत नाग नदीचा नाला लागतो, वास आधी येतो आणि नदी मागाहून दिसते. आणि माझ्या वर्गातल्या २४ मुलांच्या परिसरातून ७०० किलोमीटरवरच्या पुण्याची नदी वाहत होती. चोवीसही वह्यांत 'प्रदुषण' असं पहिल्या उकाराने लिहिलेलं, आणि चोवीसही वह्यांत 'वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असं म्हटलेलं. वर आकृती कुठेच नव्हती.

त्या रात्री मी वह्यांचे गठ्ठे केले. मुळा-मुठा २४. वेबसाइटवरून उतरवलेल्या १३. एकमेकींशी शब्दशः जुळणाऱ्या, महाल भागातल्या एका विहिरीवरच्या ८. एक वही अशी की तिची सुरुवातच "नक्कीच! खाली तुमच्या गरजेनुसार प्रकल्प दिला आहे" अशी होती, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेला होकारसुद्धा पोराने निळ्या पेनाने लिहून काढला होता. उरल्या १०. त्या वाकड्यातिकड्या, खाडाखोडीच्या, कुठे पेन्सिलने काढलेला फुटाळा तलाव आणि त्यात मावत नसलेली बोट. आदल्या तीन वर्षांत अशा वह्यांना मी 'ब' दिला होता आणि मुळा-मुठेला 'अ'. स्पायरल बायंडिंग, कव्हरवर थर्माकोलचा थेंब, अनुक्रमणिका, आभार. वजन पाहून श्रेणी दिली होती मी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय काढला. गणिताचे सर डबा उघडत म्हणाले, "ग्रेड तर द्यायची आहे मॅडम, कायले डोकं लावून राहिल्या? अ-ब-क टाका, संपला विषय." हे सर वाईट नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच सर बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून जातात तेव्हा त्यांच्या खोलीत चिटोरं सापडणार नाही. मोज्यात, कंपासपेटीच्या अस्तरात, पुठ्ठ्याच्या पॅडच्या मागे कुठे काय लपवतात ते त्यांना तोंडपाठ. बोर्डाचं सगळं पक्कं आहे. भरारी पथक आहे, बैठे पथक आहे, कोणत्या गैरप्रकाराला काय शिक्षा याची छापील शिक्षासूची आहे. एका विषयाची संपादणूक, म्हणजे मिळालेले गुण, रद्द होण्यापासून पुढे चढत जाते. वर १९८२ चा गैरप्रकार प्रतिबंधाचा राज्याचा कायदा आहे. पण हे सगळं परीक्षेच्या तीन तासांसाठी. वर्षभर घरून लिहून येणाऱ्या वह्यांवर यातलं काहीच लागू होत नाही. तिथे मी आणि माझं लाल पेन.

अंतर्गत गुणांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. २०१९ साली दहावीच्या भाषांचे तोंडीचे २० गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, निकाल ९५.३० वर. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, त्यामुळे सगळं त्या वीस गुणांवर ढकलता येणार नाही. तरी आकडे बोलायचं ते बोलतात.

मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "नियम काय आहे आपला?" नियम नव्हता. शाळेच्या डायरीत गणवेशावर दीड पान आहे, नखांवर चार ओळी आहेत, नक्कल करण्यावर एक अक्षर नाही. माझी नणंद पीएच.डी. करते. तिच्याकडून ऐकलेलं मी सांगितलं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ साली प्रबंधांतल्या नकलेवर नियम केले आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. बाई म्हणाल्या, "तुमच्या हिशेबाने तर अर्ध्या वर्गाची नोंदणी रद्द करावी लागेल." आणि मोजायचं तरी कशाने? साम्य मोजणारं सॉफ्टवेअर टाइप केलेल्या प्रबंधाला चालतं. चौदा वर्षांच्या पोराने जेल पेनने लिहिलेली वही त्यात कशी घालणार?

शेवटी ठरलं ते असं : कोणालाही लगेच शून्य द्यायचं नाही, सगळ्या ५६ जणांची तोंडी घ्यायची. चांगल्या वह्यांचीसुद्धा. प्रत्येकी पाच मिनिटं, प्रयोगशाळेत, एकेकाला बोलावून. तीन प्रश्न. तू लिहिलेल्या या शब्दाचा अर्थ काय? हे तुला प्रत्यक्ष कुठे दिसलं? करताना काय फसलं? तिसरा प्रश्न बाईंनी सुचवला आणि तोच सगळ्यात उपयोगी पडला. नकललेल्या वहीत काहीच फसलेलं नसतं.

पण हे ठरायच्या आधी मी एक घोळ करून बसले होते. सोमवारी पहिल्या तासाला, डोकं तापलेलं असताना, मी त्या आठ विहिरीवाल्या मुलींची नावं वर्गात उभ्याउभ्या वाचली. "आठ जणींनी मिळून एकच प्रकल्प आणला आहे, लाज वाटत नाही का?" असं काहीतरी बोलले. आठहीजणी खाली मान घालून उभ्या राहिल्या.

बुधवारी त्यांच्यातली एक तोंडीला आली. मी विचारलं, विहीर कुठे? तिने कागद मागितला आणि नकाशाच काढायला घेतला. आजीचं घर, गल्ली, देऊळ, देवळामागे विहीर. पायऱ्या किती? "दिसणाऱ्या एकोणीस, मॅडम. खालच्या पाण्यात आहेत, त्या मोजता नाही आल्या." काय फसलं? "बाटली दोरीला बांधून पाण्याचा नमुना काढून राहिली होती, दोरी सुटली. बाटली अजून तिथंच आहे." बाकीच्या सातजणींना विहिरीचं तोंड गोल की चौकोनी हेही सांगता आलं नव्हतं. म्हणजे सात वह्या हिच्या वहीवरून उतरल्या होत्या, आणि मी हिलाही चोरांच्या रांगेत उभं केलं होतं.

"सोमवारी का बोलली नाहीस?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "वही दिली तर मीच होती नं मॅडम. नाही म्हटलं तर डबा खायला सोबत बसू देत नाहीत."

बोर्डाच्या परीक्षेत दुसऱ्याला उत्तर दाखवणं हाही गैरप्रकारच, हे मला माहीत आहे. पण डब्याच्या वर्तुळातून बाहेर बसणं काय असतं तेही मला माहीत आहे. गुरुवारी पहिल्याच तासाला, त्याच जागी उभी राहून मी तिची माफी मागितली. माफीने काही फार झालं नाही. वर्ष संपेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. या सगळ्या प्रकारात माझ्या खात्यावर लागलेली सगळ्यात मोठी चूक ती, आणि ती वह्या तपासताना नाही, राग आवरताना झाली. तेव्हापासून दोन वह्या सारख्या दिसल्या की मी 'यांनी नक्कल केली' असं म्हणत नाही, 'यातली आधीची कोणती' असं विचारते.

आणि एक मुलगा. मुळा-मुठेच्या गठ्ठ्यातला. वर्गात मागे बसणारा, फार न बोलणारा. मी रीतीप्रमाणे विचारलं, ही नदी तू कुठे पाहिलीस?

"नाही पाहिली मॅडम."

"घर कुठे तुझं?"

"डागा ले-आउटकडे."

मी जरा थांबले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा पाणी ज्या वस्त्यांत घुसलं त्यात डागा ले-आउट होतं. आम्ही टीव्हीवर बोटी पाहिल्या होत्या. "सप्टेंबरात तुमच्याकडे पाणी आलं होतं?"

"हो तं." त्याने हात छातीशी आडवा धरला. "इथपर्यंत. आईनं उठवलं. मी पलंगावरून पाय खाली टाकला तं डायरेक पाण्यात. फ्रिज आडवा होऊन तरंगून राहिला होता मॅडम, भरलेला फ्रिज! बाबा दार उघडू गेले तं दार उघडेचना, भाहेरून पाणी दाबून राहिलं होतं. मंग बाबांनी खिडकीची जाळी तोडली."

तो पाच मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं बोलला. बाहेर पुढचा मुलगा दारातून डोकावत होता. पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली आणि बाबांनी दिवाळीला रंग दिला तरी ती वरून दिसते; शेजारच्या काकूंच्या विहिरीचं पाणी त्यानंतर महिनाभर पिवळं होतं; त्याची पुस्तकं गेली, जलसुरक्षाचंही त्यातच. नववीच्या जलसुरक्षेच्या प्रकल्पात आणखी काय हवं असतं?

"मग हे का नाही लिहिलंस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी येड्यासारखं विचारलं. "हे प्रोजेक्टमध्ये चालते? हे तं आमच्या घरचं आहे."

मी वहीकडे पाहिलं. प्रस्तावना, उद्दिष्टे, अभ्यासपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष. हे साचे मीच फळ्यावर लिहून दिले होते. 'तुझ्या घरचं चालतं' हे मी कधी लिहून दिलं नव्हतं.

वही कुठून आणली ते त्यानेच सांगितलं. शाळेपासून दोन चौक पुढे झेरॉक्सचं दुकान. संध्याकाळी मी गेले, ओळख न देता. विचारलं, नववीचं जलसुरक्षा आहे का? दुकानदाराने मान वर न करताच दर सांगितले. "नुसतं प्रिंट साठ. हाताने लिहिलेलं दीडशे. कलर चित्रं पाहिजे तं दोनशे वीस. अक्षर मुलाचं पाहिजे का मुलीचं?" हा शेवटचा प्रश्न ऐकून मला त्याच्या धंद्याबद्दल एक प्रकारचा आदरच वाटला. हाताने कोण लिहितं? "आहेत दोघी-तिघी कॉलेजच्या. पानामागे पैसे देतो." मूळ मजकूर कुठला ते त्याला ठाऊक नव्हतं. पुण्याच्या कुणाची तरी फाइल कधीतरी आली असेल.

पालकसभा शनिवारी घेतली. तिचं फार सांगण्यासारखं नाही, दोन माणसं सोडून. एक वडील ठामपणे म्हणाले, "आम्ही पैसे मोजून आणलं मॅडम, चोरी थोडीच केली!" यावर मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. आजही नीट जमेल असं नाही, कारण त्यांच्या बाजूने हिशेब स्वच्छ होता. शाळेने वस्तू मागितली, त्यांनी वस्तू आणून दिली. दुसऱ्या एक आई, सगळे गेल्यावर थांबल्या. त्यांच्या मुलाची वही मी दहा चांगल्या वह्यांत धरली होती. म्हणाल्या, "ती मी लिहिली आहे. दवाखान्यातली ड्यूटी करून रात्री दोनपर्यंत. त्याची चाचणी होती नं." माझ्या गठ्ठ्यांची ती गत. दहातली एक तिथेच कमी झाली.

एक गोष्ट मी वर्गाला सांगितली, स्टाफरूमला नाही. बी.एड.ला असताना माझी निम्मी पाठटाचणं एका सीनियर ताईच्या फाइलवरून उतरवलेली होती. एका टाचणावर शाळेचं नाव बदलायचं राहिलं. ताईने वर्ध्याला पाठ घेतले होते, मी नागपुरात. वर्ध्याच्या त्या शाळेत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी माझा पाठ तिथे झाला आणि मार्गदर्शकांनी खाली सही केली. पोरं खदखदून हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडमची मुळा-मुठा वर्ध्याला निघाली बे!"

प्रकल्प पुन्हा करायला तीन आठवडे दिले. या वेळी विषय दिला नाही, हद्द दिली. घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरातलं पाणी. नळ, विहीर, नाला, टँकर, 'शुक्रवारी' नावाचा तलाव, काहीही. तीन अटी घातल्या. एका माणसाशी बोलायचं, एक गोष्ट स्वतः मोजायची, आणि कच्चे कागद सोबत जोडायचे. दर शुक्रवारी कच्चे कागद पाहून मी तारीख घालून सही करणार. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. रविवारी रात्री एका बैठकीत उगवलेली वही तारखांमध्ये लगेच कळते. पानांची मर्यादा सहा. कव्हर, बायंडिंग, थर्माकोल बंद. त्यावर चित्रकलेचे सर रुसले.

सगळं छान झालं असं नाही. पाच जणांनी गळका नळ मोजला आणि पाचही नळ तासाला बरोबर १० लिटर गळत होते. एकाला बोलावलं तर म्हणाला, "आमच्याकडे गळतच नाही मॅडम, तं काय मोजू?" रास्त होतं. त्याला म्हटलं, गळत नाही हेच लिही. 'नक्कीच!' वाल्या मुलाचं काय करायचं ते मला आजही पूर्ण उमगलेलं नाही. त्याला तोंडीत पेंचचं पाणी गोरेवाड्याला कसं येतं, कुठे शुद्ध होतं, सगळं सांगता आलं होतं. त्याने मशिनला विचारून खरंच वाचलं होतं. त्याला म्हटलं, विचार, पण काय विचारलंस आणि त्यातलं काय खोटं निघालं ते वहीत लिही. त्याने मशिनच्या दोन चुका पकडल्या. तिसरी मी पकडली, ती त्याने मान्य केली नाही. आमचा वाद बाकी आहे.

डागा ले-आउटच्या मुलाने सहाऐवजी नऊ पानं दिली, मी सोडून दिलं. त्याने वस्तीतल्या अकरा घरांत आईची शिवणाची टेप घेऊन जाऊन भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेची उंची मोजली होती. ज्यांनी रंग दिला होता त्यांना विचारून. तक्ता केला होता. दोन घरांचे आकडे बाकीच्यांपेक्षा खूप कमी होते. कच्च्या कागदावर त्याने ते आधी खोडले, मग शेजारी पुन्हा लिहिले आणि खाली टीप दिली : "या दोन घरांचे जोते उंच आहे म्हणून पाणी कमी दिसते. मी जमिनीपासून न मोजता घरातल्या फरशीपासून मोजले ही माझी चूक." प्रदूषण दुसऱ्या उकाराने लिहिलं होतं, नद्या मात्र तीन ठिकाणी 'नद्दा' होत्या. मी त्या तशाच राहू दिल्या.

शाळेच्या डायरीत आता नखांच्या खाली आठ ओळी वाढल्या आहेत. नक्कल म्हणजे काय, मदत कुठपर्यंत चालते, पहिल्या वेळी पुन्हा करून देणं, दुसऱ्या वेळी पालकांना बोलावणं, आणि तोंडी झाल्याशिवाय वर्गात कोणाचंही नाव घ्यायचं नाही. शेवटची ओळ माझ्यासाठी आहे.

यंदा जूनमध्ये हजेरीपटाच्या झेरॉक्स काढायला त्याच दुकानात गेले. एव्हाना त्याला मी कोण ते कळलं होतं. मशिन गरम होईस्तोवर तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या शाळेचं मुळा-मुठावालं आता बंद केलं. नवीन आलं आहे. पुराच्या पाण्याची उंची, अकरा घरं, टेबलसकट. कच्चे कागदपण देतो सोबत, दोनशे चाळीस."

मी तक्ता मागून घेतला. फरशीची चूक त्यात तशीच होती.